स्तंभातले नाते : मूलद्रव्यांची कुटुंबे आणि त्यांचा स्वभाव

मित्रहो,

आवर्त सारणी आपण सर्वांनी शाळेत पाहिलेली असते, आणि बहुतेकांच्या स्मरणात ती ११८ चौकटींचा, पाठ करायचा एक तक्ता म्हणून राहून जाते. आज मी त्या तक्त्यातील उभ्या स्तंभांविषयी बोलणार आहे. आडव्या ओळीला आपण आवर्त म्हणतो आणि उभ्या स्तंभाला गण. एका गणातील मूलद्रव्यांची रासायनिक वागणूक इतकी मिळतीजुळती असते, की त्यांना कुटुंब म्हणण्याचा प्रघातच पडला आहे. मात्र ‘एका गणातील मूलद्रव्यांचे गुणधर्म सारखे असतात’ एवढे एक वाक्य सांगून आपण पुढे गेलो, तर अर्धा विषय मागे राहतो. हा सारखेपणा स्तंभात वरून खाली उतरताना ठरावीक दिशेने बदलत जातो, आणि काही ठिकाणी, विशेषतः स्तंभाच्या अगदी वरच्या व अगदी खालच्या टोकाला, तो मोडतो. ज्यांनी या क्रमिक बदलाकडे आणि या मोडण्याकडे बारकाईने पाहिले, त्यांना नवी मूलद्रव्ये सापडली आणि अशक्य मानलेली संयुगे बनवता आली. माझ्या मते सारणीचे खरे सामर्थ्य तिथे आहे.

कुटुंबांची जाणीव सारणीपेक्षा जुनी आहे. येना विद्यापीठातील योहान डोबेरायनर यांनी १८२९ साली काही मूलद्रव्ये तीन-तीनच्या गटांत मांडून दाखवली. लिथिअमचे अणुवस्तुमान सुमारे ७ आणि पोटॅशिअमचे ३९. या दोहोंची सरासरी २३ येते, आणि सोडिअमचे अणुवस्तुमान नेमके तेवढेच आहे. क्लोरीन ३५.५ आणि आयोडीन १२७ यांची सरासरी ८१ च्या आसपास जाते, तर अवघ्या तीन वर्षांपूर्वी सापडलेल्या ब्रोमीनचे अणुवस्तुमान ८० भरते. वजनात मधले असलेले मूलद्रव्य स्वभावातही मधलेच निघते : सामान्य तापमानाला क्लोरीन वायू, ब्रोमीन द्रव आणि आयोडीन घन. दोन टोके माहीत असली की मधल्याविषयी काहीतरी सांगता येते, हा विचार इथे पहिल्यांदा आकड्यांसह मांडला गेला. पुढे जॉन न्यूलँड्स यांनी अष्टकांचा नियम, म्हणजे दर आठवे मूलद्रव्य पहिल्यासारखे वागते असा नियम मांडला, पण तो कॅल्शिअमच्या पुढे नीट चालेना.

१८६९ मध्ये दिमित्री मेंडेलीव्ह यांनी तेव्हा ज्ञात असलेली ६३ मूलद्रव्ये अणुवस्तुमानाच्या चढत्या क्रमाने मांडली, हे सर्वांना ठाऊक असते. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी, की जिथे वजनाचा क्रम आणि कुटुंबाचे नाते यांच्यात विरोध आला, तिथे त्यांनी नात्याच्या बाजूने निकाल दिला. टेल्युरिअम आयोडीनपेक्षा जड आहे. आजच्या मोजमापाने टेल्युरिअम १२७.६ आणि आयोडीन १२६.९. निव्वळ वजनाने लावायचे, तर आयोडीन गंधक आणि सेलेनिअमच्या खाली जाऊन पडले असते आणि टेल्युरिअम क्लोरीन-ब्रोमीनच्या स्तंभात आले असते. आयोडीनची क्षारे हाताळणाऱ्या कोणत्याही रसायनशास्त्रज्ञाला हे मान्य झाले नसते. मेंडेलीव्ह यांनी आयोडीन हॅलोजनांच्याच स्तंभात ठेवले आणि टेल्युरिअमचे वजन मोजण्यात चूक झाली असावी, असा तर्क केला. तर्क खोटा ठरला, वजन बरोबरच होते. जागा मात्र अचूक होती. तिचे कारण कळायला १९१३ साल उजाडावे लागले.

त्यांची भाकितेही याच विश्वासातून आली. स्तंभातला वरचा व खालचा आणि ओळीतला डावा व उजवा अशा चार शेजाऱ्यांचे गुणधर्म पाहून त्यांनी १८७१ मध्ये रिकाम्या चौकटींतील मूलद्रव्यांची वर्णने लिहून ठेवली. १८७५ मध्ये फ्रान्समध्ये लकॉक द ब्वाबोद्राँ यांना गॅलिअम सापडले आणि त्यांनी त्याची घनता ४.७ असल्याचे प्रसिद्ध केले. मेंडेलीव्ह यांनी ती ५.९ च्या आसपास असायला हवी, नमुना पुन्हा शुद्ध करून पाहावा, असे कळवले. नमुना शुद्ध झाला आणि घनता ५.९ निघाली. ज्याने ते मूलद्रव्य डोळ्यांनी पाहिलेही नव्हते, त्याचा आकडा प्रत्यक्ष हाताळणाऱ्याच्या आकड्यापेक्षा बरोबर ठरला. १८८६ मध्ये क्लेमेन्स विंकलर यांना जर्मेनिअम मिळाले, तेव्हा सिलिकॉनखालच्या रिकाम्या जागेसाठी वर्तवलेले अणुवस्तुमान ७२ आणि घनता ५.५ ही प्रत्यक्षातल्या ७२.६ आणि ५.३५ यांच्या अगदी जवळ होती.

आता कारणाकडे येऊ. १९१३ मध्ये हेन्री मोझ्ली या तरुण भौतिकशास्त्रज्ञाने मूलद्रव्यांच्या क्ष-किरणांचे वर्णपट मोजून दाखवले, की मूलद्रव्याचा खरा अनुक्रमांक त्याच्या केंद्रकावरील धनप्रभाराने ठरतो. टेल्युरिअम ५२, आयोडीन ५३, वाद मिटला. जेवढे धनप्रभार, तेवढेच इलेक्ट्रॉन, आणि ते केंद्रकाभोवती कवचांमध्ये बसवलेले. रासायनिक क्रियेत भाग घेतात ते मुख्यतः सर्वांत बाहेरच्या कवचातले. एका गणातील मूलद्रव्यांच्या बाह्यतम कवचाची रचना सारखी असते, म्हणून ती सारखी वागतात. पण स्तंभात एक पायरी खाली उतरले की एक कवच वाढते. बाहेरचा इलेक्ट्रॉन केंद्रकापासून दूर जातो, आणि मधल्या कवचांतील इलेक्ट्रॉन केंद्रकाचे आकर्षण त्याच्यापर्यंत पुरते पोहोचू देत नाहीत. म्हणजे कुटुंबातील साम्य आणि कुटुंबातील क्रमिक भेद या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत. एकाच रचनेतून दोन्ही येतात.

हे सर्वांत स्वच्छ दिसते ते पहिल्या गणात, अल्क धातूंमध्ये. हायड्रोजन या स्तंभाच्या माथ्यावर लिहितात, तो त्याच्याजवळ एकच इलेक्ट्रॉन आहे म्हणून; स्वभावाने तो या कुटुंबातला नाही, त्यामुळे त्याला आपण बाजूला ठेवू. लिथिअम, सोडिअम, पोटॅशिअम, रुबिडिअम, सीझिअम आणि फ्रान्सिअम यांच्या बाहेरच्या कवचात एकच इलेक्ट्रॉन असतो आणि तो देऊन टाकण्याकडे त्यांचा कल असतो. सोडिअमचा तुकडा रॉकेलमधून चिमट्याने काढून सुरीने कापला, तर सुरी सहज आत जाते. कापलेली बाजू क्षणभर चांदीसारखी लखलखते आणि पाहता पाहता काळवंडते. वाटाण्याएवढा तुकडा पाण्यावर टाकला, तर क्रियेत निघालेल्या उष्णतेने तो वितळतो, गोल थेंबासारखा होतो आणि सूं सूं आवाज करत पाण्यावर इकडेतिकडे धावतो. त्या वेळी हायड्रोजन बाहेर पडत असतो आणि मागे सोडिअम हायड्रॉक्साइडचे द्रावण राहते. पोटॅशिअम टाकताच तो हायड्रोजन जांभळट ज्योतीने पेट घेतो. रुबिडिअम आणि सीझिअम पाण्यापेक्षा जड असल्याने बुडतात आणि स्फोट होतो. लिथिअम मात्र शांतपणे बुडबुडे सोडत तरंगत राहते.

हा क्रम आयनीभवन ऊर्जेच्या आकड्यांत उतरतो. बाहेरचा एक इलेक्ट्रॉन काढून घ्यायला लिथिअमला मोलमागे ५२० किलोज्यूल, सोडिअमला ४९६, पोटॅशिअमला ४१९, रुबिडिअमला ४०३ आणि सीझिअमला ३७६ किलोज्यूल लागतात. द्रवणांकही असेच उतरतात : लिथिअम १८१ अंश सेल्सिअस, सोडिअम ९८, पोटॅशिअम ६३, रुबिडिअम ३९ आणि सीझिअम २८ अंश. सीझिअमची बंद काचनळी हाताच्या उबेनेही आतला धातू वितळवते. घनता मात्र हा शिरस्ता पाळत नाही : सोडिअम ०.९७ आणि त्याखालचे पोटॅशिअम ०.८६. आणि लिथिअमचा शांतपणाही फसवा आहे. पाण्यातील विद्युत विभवाच्या मापाने लिथिअम या कुटुंबातले सर्वांत तीव्र क्षपणक, म्हणजे दुसऱ्याला इलेक्ट्रॉन देणारे, आहे, त्याचे प्रमाण विभव उणे ३.०४ व्होल्ट, तर सोडिअमचे उणे २.७१. इलेक्ट्रॉन काढायला सर्वांत जास्त ऊर्जा लागूनही असे का होते? इलेक्ट्रॉन गेल्यावर उरणारा लिथिअम आयन इतका लहान असतो, की पाण्याचे रेणू त्याला फार घट्ट वेढतात, आणि त्यात सुटणारी ऊर्जा आधीचा सारा खर्च भरून काढते. तरीही क्रिया संथ चालते. त्याचे एक मोठे कारण असे, की १८१ अंशांना वितळणारा हा धातू पाण्यावर वितळत नाही, त्यामुळे नवा पृष्ठभाग झपाट्याने उघडा पडत नाही. क्रियेत एकूण किती ऊर्जा सुटेल आणि क्रिया किती वेगाने घडेल हे दोन निराळे प्रश्न आहेत, आणि या एका स्तंभात ते समोरासमोर उभे राहतात. लिथिअमच्या बॅटरीला जास्त व्होल्टेज आणि कमी वजन मिळते ते लिथिअमच्या याच वैशिष्ट्यांमुळे.

सीझिअम आणि रुबिडिअम सापडताच त्यांचे कुटुंबही ओळखता आले. रॉबर्ट बुन्सेन आणि गुस्ताव किर्खोफ यांनी १८६० मध्ये खनिज पाण्यातील क्षार ज्योतीत धरून वर्णपट पाहिला, तेव्हा परिचित अल्क धातूंच्या रेषांबरोबर दोन अनोळखी निळ्या रेषा दिसल्या. ते सीझिअम होते. पुढच्याच वर्षी गडद लाल रेषांवरून रुबिडिअम ओळखले गेले. हाती आलेले क्षार पोटॅशिअमच्या क्षारांसारखेच वागत होते, म्हणून नव्या मूलद्रव्यांना जागा शोधत बसावे लागले नाही.

याच कुटुंबातील एका भेदावर आपले शरीर चालते, आणि यावर थोडे थांबणे मला आवश्यक वाटते. सोडिअम आणि पोटॅशिअम दोघांच्याही आयनांवर एकच धनप्रभार असतो, फरक आकाराचा. सोडिअम आयनाची त्रिज्या सुमारे १०२ पिकोमीटर आणि पोटॅशिअम आयनाची १३८. पेशीच्या पटलातील पंप दर फेरीला तीन सोडिअम आयन बाहेर टाकतो आणि दोन पोटॅशिअम आयन आत घेतो. त्यातून जो विद्युत भेद उभा राहतो, त्यावर मज्जातंतूंतील संदेश धावतात. त्याच पटलात पोटॅशिअमला वाट देणाऱ्या प्रथिनांच्या नलिका असतात, आणि त्या सोडिअमला जवळजवळ पूर्णपणे अडवतात. पोटॅशिअम त्यांतून सोडिअमच्या किमान हजारपट सहजतेने जाते. लहान आयन अडतो आणि मोठा पार होतो, हे ऐकताना उलटे वाटते. रॉडरिक मॅकिनन यांनी १९९८ मध्ये अशा नलिकेची त्रिमिती रचना उलगडली, तेव्हा उत्तर मिळाले. नलिकेच्या अरुंद भागात ऑक्सिजनचे अणू अशा अंतरांवर बसवलेले आहेत, की पोटॅशिअम आयनाला पाण्यात ज्या अंतरावर ऑक्सिजनचा शेजार असतो तोच इथेही मिळतो. म्हणून तो पाण्याचे वेष्टन विनासायास सोडून आत शिरतो. सोडिअम आयन त्या ऑक्सिजनांपर्यंत नीट पोहोचत नाही, त्यामुळे पाणी सोडण्याची किंमत त्याला भरून मिळत नाही. या कामासाठी मॅकिनन यांना २००३ चा रसायनशास्त्राचा नोबेल पुरस्कार विभागून मिळाला. आपल्या प्रत्येक हालचालीमागे स्तंभातील एका पायरीचा, ३६ पिकोमीटरचा हा फरक उभा आहे.

आणि त्याच वाटेने विषही शिरते. थॅलिअम तेराव्या गणातले, म्हणजे त्याने तीन इलेक्ट्रॉन द्यावेत अशी अपेक्षा. पण स्तंभाच्या तळाजवळच्या जड मूलद्रव्यांत बाहेरच्या कवचातील दोन इलेक्ट्रॉनांची एक जोडी क्रियेत उतरायला नाखूश असते, म्हणून थॅलिअम बहुधा एकच इलेक्ट्रॉन देते. त्याचा आयन १५० पिकोमीटरचा, पोटॅशिअमच्या जवळचा. शरीर त्याला पोटॅशिअम समजून पेशीत घेते आणि घात होतो. दुसऱ्या गणात असाच प्रकार स्ट्राँशिअमचा. कॅल्शिअमच्या खालोखाल असल्यामुळे किरणोत्सारी स्ट्राँशिअम-९० हाडांत जाऊन बसते. याच गणातील बेरिअमचा विद्राव्य क्षार विषारी असतो, पण त्याचे सल्फेट पाण्यात जवळपास विरघळतच नाही, त्यामुळे क्ष-किरण तपासणीआधी ते रुग्णाला निर्धास्तपणे पाजता येते. या गणात सल्फेटांची विद्राव्यता वरून खाली घटत जाते, हे त्याचे कारण.

आता सारणीच्या दुसऱ्या कडेला, सतराव्या गणातील हॅलोजनांकडे वळू. यांच्या बाह्यतम कवचात सात इलेक्ट्रॉन असतात आणि आणखी एक मिळवण्याची ओढ असते. या कुटुंबाची ओळख पटवायला परीक्षानळ्यांची एक रांग पुरते. क्लोराइड, ब्रोमाइड आणि आयोडाइड यांच्या रंगहीन द्रावणांत सिल्व्हर नायट्रेटचे काही थेंब टाकले, की पहिल्या नळीत दह्यासारखा पांढरा अवक्षेप, म्हणजे न विरघळणारा साका, दुसरीत फिकट पिवळसर आणि तिसरीत स्पष्ट पिवळा अवक्षेप बनतो. विरल अमोनिया ओतला तर पांढरा विरघळून नळी पुन्हा स्वच्छ होते. दुसरा संहत अमोनियातच विरघळतो. तिसरा तसाच राहतो. तीन भावंडे, एकच क्रिया, आणि तिन्ही पायऱ्या डोळ्यांना वेगळ्या दिसतात. पोटॅशिअम आयोडाइडच्या द्रावणात क्लोरीनचे पाणी घातले की ते तपकिरी होते, कारण वरचा सदस्य खालच्याला हुसकावून लावतो. उलट दिशेने, क्लोराइडमध्ये आयोडीन टाकले, तर काहीही घडत नाही.

हे कौटुंबिक साम्य मोठ्यांनाही चकवते. अँतवान बालार यांनी १८२६ मध्ये मिठागरातील उरलेल्या पाण्यातून ब्रोमीन वेगळे करून ते नवे मूलद्रव्य असल्याचे दाखवले. त्याआधी युस्टुस लीबिग यांच्याकडे तेच तपकिरी द्रव तपासणीसाठी आले होते आणि त्यांनी ते आयोडीन व क्लोरीन यांचे संयुग समजून बाजूला ठेवले होते. ब्रोमीन अनेक बाबतींत क्लोरीन आणि आयोडीन यांच्या इतके बरोबर मध्ये बसते, की त्यांचे मिश्र संयुग म्हणून ते खपून गेले. डोबेरायनर यांना ज्या सरासरीने वाट दाखवली, तिनेच लीबिग यांची दिशाभूल केली.

या रांगेत फ्लुओरीनची नळी मी मुद्दाम ठेवली नाही. सोडिअम फ्लुओराइडमध्ये सिल्व्हर नायट्रेट टाकले तर अवक्षेप येतच नाही. सिल्व्हर फ्लुओराइड पाण्यात चांगले विरघळते. हायड्रोजन क्लोराइड उणे ८५ अंशांना उकळते, ब्रोमाइड उणे ६७ ला आणि आयोडाइड उणे ३५ ला. या उतरंडीवरून हायड्रोजन फ्लुओराइड उणे ८५ च्याही बरेच खाली उकळावे, पण ते अधिक १९.५ अंशांना उकळते, कारण त्याचे रेणू हायड्रोजन बंधांनी एकमेकांना धरून ठेवतात. बाकीची तिन्ही आम्ले तीव्र, हे सौम्य. तरीही काचेला खाणारे हेच. फ्लुओरीनचा अणू इतका लहान आहे, की त्याच्या रेणूतील दोन अणूंचे न जोडलेले इलेक्ट्रॉन परस्परांना ढकलतात आणि बंध दुबळा होतो. फ्लुओरीनच्या बंधाला मोलमागे सुमारे १५८ किलोज्यूल, तर क्लोरीनच्या बंधाला २४३. हा दुबळा बंध फ्लुओरीनच्या प्रचंड क्रियाशीलतेचा एक आधार आहे. तिच्यामुळेच आंरी म्वासाँ यांनी १८८६ मध्ये ते वेगळे करीपर्यंत अनेकांचे प्रयत्न फसले होते, आणि त्यांत काहींनी आरोग्य व जीवही गमावला.

स्तंभाच्या माथ्यावरील सदस्य कुटुंबापासून थोडा तुटलेला असतो, हे एकट्या फ्लुओरीनपुरते नाही. ऑक्सिजनचे हायड्राइड, म्हणजे हायड्रोजनबरोबरचे संयुग, ते पाणी, उत्कलनांक १०० अंश. गंधकाचे हायड्राइड उणे ६० अंशांना उकळणारा दुर्गंधी वायू. कार्बनचा डायऑक्साइड वायू, सिलिकॉनचा डायऑक्साइड वाळूचा कठीण कण. चौदाव्या गणात तर वर अधातू कार्बन, मध्ये धातूसदृश सिलिकॉन व जर्मेनिअम आणि खाली कथील व शिसे हे धातू, इतका प्रवास एकाच स्तंभात होतो. कुटुंब हा शब्द तिथे आपण केवळ बाह्यतम कवचातील चार इलेक्ट्रॉनांच्या जोरावर वापरतो. तेरा ते सोळा या गणांना म्हणूनच मी एका घराण्याचे एकच वर्णन लावत नाही.

अठराव्या गणाची कथा निराळी, कारण मेंडेलीव्ह यांच्या सारणीत तो स्तंभच नव्हता. लॉर्ड रॅले नायट्रोजनची घनता मोजत होते. हवेतून ऑक्सिजन वगैरे काढून मिळवलेला नायट्रोजन लिटरमागे १.२५७२ ग्रॅम भरे, आणि अमोनियासारख्या संयुगांतून मिळवलेला १.२५०५ ग्रॅम. फरक अर्ध्या टक्क्याचा. तो प्रयोगातील दोष म्हणून सोडून देणे सहज शक्य होते, पण रॅले यांनी तो सोडला नाही. त्यांनी आणि विल्यम रॅम्से यांनी १८९४ मध्ये दाखवून दिले, की हवेतील नायट्रोजनमध्ये एक जड, कशाशीही संयोग न पावणारा वायू मिसळलेला आहे. तो अरगॉन, हवेचा सुमारे एक टक्का भाग. हेन्री कॅव्हेंडिश यांना १७८५ मध्येच अशा एका न संपणाऱ्या बुडबुड्याचा अनुभव आला होता आणि त्यांनी त्याचे प्रमाण १२० वा भाग किंवा कमी असे नोंदवलेही होते. शंभराहून अधिक वर्षे ती नोंद तशीच पडून राहिली.

अरगॉनला सारणीत जागा नव्हती, आणि एका मूलद्रव्यासाठी जागा करणे अवघडच होते. १८९५ मध्ये रॅम्से यांना युरेनिअमच्या खनिजातून हेलिअम मिळाले. तोही तसाच अलिप्त वायू. आता वजने हाताशी आली : ४ आणि ४०. इतर कुटुंबांतील अंतरे पाहता या दोहोंच्या मध्ये २० च्या आसपास एक वायू असायलाच हवा, असे रॅम्से यांनी जाहीरपणे मांडले, आणि १८९८ मध्ये त्यांनी व मॉरिस ट्रॅव्हर्स यांनी द्रवरूप हवेचे काळजीपूर्वक ऊर्ध्वपातन करून क्रिप्टॉन, निऑन आणि झेनॉन मिळवले. निऑनचे अणुवस्तुमान २०.२. सारणीला उभा नवा स्तंभ जोडला गेला आणि जुनी एकही चौकट हलवावी लागली नाही. मला सारणीच्या खरेपणाची याहून मोठी परीक्षा माहीत नाही.

या वायूंना निष्क्रिय म्हटले गेले आणि ते विशेषण पुढे नियमासारखे घट्ट झाले. वास्तविक कुटुंबाचा उतार उलटेच सांगत होता. हेलिअमची आयनीभवन ऊर्जा २३७२ किलोज्यूल, निऑन २०८१, अरगॉन १५२१, क्रिप्टॉन १३५१ आणि झेनॉन ११७०. झेनॉनपर्यंत येता येता हा आकडा निम्म्याहून कमी होतो. १९६२ मध्ये व्हँकुव्हर येथे काम करणाऱ्या नील बार्टलेट यांना आढळले, की प्लॅटिनम हेक्झाफ्लुओराइडची लाल वाफ ऑक्सिजनच्या रेणूमधूनही इलेक्ट्रॉन ओढून घेते. ऑक्सिजन रेणूची आयनीभवन ऊर्जा ११७५. झेनॉनची त्याहून किंचित कमी असल्याचे त्यांच्या लक्षात आले, आणि त्यांनी तीच वाफ झेनॉनमध्ये सोडली. क्षणात पिवळा घन पदार्थ जमा झाला. हे आकडे त्याआधीही तक्त्यांत छापलेले होते. ते शेजारी शेजारी ठेवून पाहण्याचे काम बार्टलेट यांनी केले. आज हे कुटुंब राजवायू या नावाने ओळखले जाते, आणि झेनॉनची अनेक संयुगे ज्ञात आहेत.

सारणीच्या मध्यभागी, संक्रामक धातूंमध्ये, स्तंभाचा नियम आणखी एका कारणाने वाकतो. लॅन्थॅनमपासून ल्युटेशिअमपर्यंत जाताना केंद्रकाचा प्रभार वाढत जातो, पण नवे इलेक्ट्रॉन आतल्या कवचात भरले जातात आणि ते हा प्रभार नीट झाकू शकत नाहीत. त्यामुळे अणू हळूहळू आकसत जातो. परिणामी हाफ्निअम हे झिर्कोनिअमपेक्षा एक कवच जास्त असूनही आकाराने जवळजवळ त्याच्याएवढेच राहते, आणि रासायनिकदृष्ट्या ही दोन मूलद्रव्ये एकमेकांची इतकी हुबेहूब नक्कल करतात, की झिर्कोनिअमचा शोध लागून शतकाहून अधिक काळ लोटला तरी त्याच्याच खनिजांत दडलेले हाफ्निअम कोणाला दिसले नाही. ७२ वे मूलद्रव्य, म्हणजे हेच हाफ्निअम, विरल मृदा धातूंमध्ये (लॅन्थॅनम आणि त्याच्या शेजाऱ्यांमध्ये) शोधण्याकडे अनेकांचा कल होता; नील्स बोर यांच्या सिद्धांतानुसार मात्र ते झिर्कोनिअमच्या खाली यायला हवे होते. डर्क कॉस्टर आणि जॉर्ज द हेवेशी यांनी कोपनहेगनमध्ये झिर्कोनिअमची खनिजे क्ष-किरणांनी तपासली आणि जानेवारी १९२३ मध्ये शोध जाहीर केला. घनतेत मात्र दुप्पट फरक आहे, ६.५ आणि १३.३. अणुभट्टीत तर ही दोन मूलद्रव्ये विरुद्ध टोकांना आहेत : झिर्कोनिअम न्यूट्रॉनांना जाऊ देते म्हणून त्याचे मिश्रधातू इंधनाच्या वेष्टनासाठी वापरतात, आणि हाफ्निअम न्यूट्रॉन शोषून घेते म्हणून ते नियंत्रक दांड्यांत वापरतात. कुटुंबाचे नाते इलेक्ट्रॉनांचे असते. केंद्रक त्यात सहभागी नाही.

शेवटी स्तंभांच्या तळाशी जाऊ. केंद्रक फार जड झाले, की आतल्या इलेक्ट्रॉनांचा वेग प्रकाशाच्या वेगाच्या लक्षणीय अंशापर्यंत पोहोचतो आणि सापेक्षतावादाचे परिणाम दुर्लक्षिता येत नाहीत. काही कवचे आकसतात आणि त्यांतले इलेक्ट्रॉन अधिक घट्ट बांधले जातात. सोन्याचा पिवळा रंग आणि पाऱ्याची द्रवावस्था या दोन्हींमागे हे कारण आहे. चांदी आणि कॅडमिअम यांवरून हिशेब केला, तर दोन्हींचा अंदाज चुकतो. पहिल्या गणातही हा परिणाम मोजता येतो. ५२० पासून ३७६ पर्यंत सरळ उतरत आलेली आयनीभवन ऊर्जा फ्रान्सिअमपाशी पुन्हा वर चढते आणि ३९३ च्या आसपास जाते, म्हणजे बाहेरचा इलेक्ट्रॉन सर्वांत सहज देणारे अल्क धातू फ्रान्सिअम नसून सीझिअम आहे. फ्रान्सिअमच्या खाली ११९ व्या मूलद्रव्याची चौकट अजून रिकामी आहे आणि ते बनवण्याचे प्रयत्न सुरू आहेत. सैद्धांतिक गणिते सांगतात, की त्याची आयनीभवन ऊर्जा आणखी वर जाईल, पोटॅशिअमच्याही पुढे, सोडिअमच्या दिशेने.